बाळंतविडा कोणी द्यायचा?

पुणे-सोलापूर महामार्गावर, इंदापूर तालुक्यात लोणी देवकर हे गाव आहे. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली, तालुक्यात साखर कारखाने उभे राहिले. विकासाच्या गप्पाही भरपूर झाल्या. परंतु ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, रोजाने खुरपायला जाणाऱ्या आमच्या मायमाउलीला मूल होते, तेव्हा त्याला गुंडाळायला एक स्वच्छ, कोरडे फडके तरी आहे काय? हा प्रश्न ग्रामसभेत कोण विचारतो? माहेरची ऐपत असेल तर बाळंतविडा येतो. नसेल तर मुकादमाची उचल आहेच. बाळ जन्मते आणि आईच्या डोक्यावर कर्ज चढते.

त्यात बाजार आगीत तेल ओततो. पावडर, ग्राइप वॉटर, बाटल्या, रंगीत पाळणे! यातले काहीच नसले तरी बाळ वाढते. गरज आहे ती चार-पाच सुती झबली, टोपडी, डझनभर लंगोट, दोन-तीन दुपटी, एक उबदार पांघरूण आणि मच्छरदाणी यांची. जुन्या सुती लुगड्यातूनही हे सारे निघते. त्यात लाज कसली? मात्र कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले पाहिजेत. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलेले कपडे बाळाला घालू नयेत; त्या गोळ्यांमुळे काही बाळांच्या रक्तातील पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. काजळ, मध, घुटी नको. दुधाची बाटलीही नको. बाटल्यांची आणि डब्यातल्या दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी केली, ती उगाच नव्हे. बाळाला ओढता येत नसेल तर आईचेच दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्यावे. या उबेला एक पैसाही लागत नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ते जगापुढे आले. आज आशाताई घरी येते ती याच वाटेने. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिने आलेच पाहिजे. ती आली नाही तर जाब विचारा.

सरकार काहीच देत नाही असे नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि घरी सोडणारी गाडी मोफत आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये आहेत. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने सुमारे दोन हजार रुपयांचे बेबी केअर किटही आणले. कपडे, मच्छरदाणी, थर्मामीटर असे सामान त्यात होते. पण अट काय? सरकारी दवाखान्यात जन्मलेले पहिलेच मूल! थंडी काय बाळाला विचारते, तू पहिला की दुसरा? आणि नाव नोंदले एका जिल्ह्यात, बाळंतपण झाले दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडावर, अशा ऊसतोड मातेने कोणत्या अंगणवाडीचे दार ठोठवायचे?

बाबासाहेबांनी हा प्रश्न जवळून पाहिला होता. रमाई आणि त्यांची चार लेकरे गेली. राजरत्न १९२६ साली गेला. दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये कायदा झाला. पण फडावरची आई आजही त्या हक्काच्या बाहेरच आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. बाळंतविडा ही भीक नव्हे, हक्क आहे. पहिल्या मुलाची अट काढा. जिथे बाळ जन्मेल तिथेच, घरी जाण्यापूर्वी, सामान हातात द्या. नोंदणीचा कागद मागाहून फिरू द्या.

आणि आपण? जयंतीला डीजेसाठी लाखाची वर्गणी होते. त्यातून दहा बाळंतविडे निघाले तर मिरवणूक लहान होईल काय? प्रत्येक विहारात महिला मंडळाने एक पेटी ठेवावी. त्यात धुतलेले, उन्हात वाळवलेले कपडे असावेत. ज्या आईला हवे तिने न लाजता न्यावे, बाळ मोठे झाले की धुऊन परत ठेवावे. सरकारशी भांडण चालूच ठेवायचे आहे. पण वस्तीत आज रात्री जन्मणारे बाळ शासन निर्णयाची वाट पाहत थांबणार नाही.