मामांची सीडी

गेल्या महिन्यात घरात नवा लॅपटॉप आला. खोका उघडल्या उघडल्या आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "ह्याची सीडी कुठं आहे?" मुलगा खो खो हसला. आताच्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते, हे त्याने आईला दाखवून दिले. मला मात्र हसू आले नाही. तिच्या विचारण्यामागे काय होते, ते मला ठाऊक होते.

माझे सासरे बैलहोंगलचे. कन्नड शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. 2006 साली त्यांनी फंडाच्या पैशातून एका नामांकित कंपनीचा कॉम्प्युटर घेतला, पक्क्या बिलासकट. त्यात विंडोज एक्सपीची होम आवृत्ती होती आणि कॅबिनेटच्या अंगावर पंचवीस अक्षरांचे स्टिकर. त्यावर ते कन्नडमध्ये आपल्या घराण्याची हकिगत लिहीत. 2009 च्या पावसाळ्यात मशीन सुरू होईना. सीडी शोधली. ट्रंका झाल्या, माळा झाला, पण मिळाली नाही. शेवटी मी कॅबिनेट गाडीत घालून बेळगावला आणले.

दुकानातला पोरगा म्हणाला, "सीडी कशाला शोधताय ओ सर? माझ्याकडं आहे की. दोनशे द्या." मार्कर पेनने नाव लिहिलेली ती सीडी त्याने घातली आणि तासाभरात मशीन चालू करून दिले. मी खूश. घरी पोचल्यावर कळले, की त्याने न विचारता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला होता. 'माय डॉक्युमेंट्स' त्याच ड्राइव्हमध्ये असते. मामांची साठेक पाने गेली. तशी प्रत दुसरीकडे ठेवा, हे मी त्यांना कधी सांगितले नव्हते. मी, कॉलेजात शिकवणारा जावई!

पुढे आणखी एक. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना येऊ लागली, की हे विंडोज अस्सल नाही. काही दिवसांनी दर तासाला पडद्यामागचे चित्र जाऊन नुसता काळा पडदा दिसू लागला. मामांनी इंग्रजी मजकूर डिक्शनरी घेऊन वाचला आणि मला फोन केला, "रोक्का कोट्टीनि, कळ्ळ ह्यांग आदे?" पैसे मोजूनही चोर ठरलो, हे त्या माणसाला पाने गेल्यापेक्षा जास्त लागले होते.

चूक कुठे झाली, ते नंतर समजले. आपण विकत घेतो ती सीडी नसतेच, वापरण्याचा परवाना असतो. सीडी म्हणजे नुसते भांडे. ते हरवले तरी हक्क जात नाही, पण दुसरे भांडे त्याच जातीचे लागते. मामांचा परवाना होम आवृत्तीचा आणि मशीनसोबत आलेला. पोराने घातली प्रोफेशनल, कुठल्यातरी सतरा ठिकाणी वापरलेल्या कीसकट. मामांच्या स्टिकरवरची की त्या सीडीला चाललीच नसती. मशीनसोबत आलेला परवाना त्या मशीनपुरताच असतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येत नाही. दुकानातून वेगळा विकत घेतलेला परवाना जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. त्यांनी सिरियल नंबर आणि बिलाची प्रत मागितली, थोडे शुल्क घेतले आणि सीडी कुरियरने पाठवली. हे आधीच करता आले असते. त्या सीडीने की विचारलीसुद्धा नाही, आपल्या कंपनीचे मशीन तिने ओळखले. मात्र अशी सीडी सगळे पुसून मशीन कारखान्यातून आल्यासारखे करते, म्हणून आधी फायली बाहेर काढाव्या लागतात. यावेळी मी काढल्या. काढण्यासारखे थोडेच उरले होते, ही गोष्ट वेगळी.

कायदाही आपण समजतो तितका आडमुठा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ज्याच्याकडे प्रोग्रॅमची रीतसर प्रत आहे, त्याला ती हरवेल किंवा बिघडेल म्हणून स्वतःपुरती राखीव प्रत करून ठेवायची मुभा आहे. तीच प्रत शेजाऱ्याला दिली की मामला बदलतो. चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड सांगितला आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकते. आपल्या गल्लोगल्ली हे कुणाच्या गावीही नव्हते. माझ्याही नव्हते, खोटे कशाला बोलू?

एक्सपीचा आधार कंपनीने 2014 च्या एप्रिलमध्ये काढून घेतला, विंडोज 10 चा 2025 च्या ऑक्टोबरमध्ये. विंडोज 8 पासून कंपन्यांच्या मशीनमध्ये की मदरबोर्डमध्येच ठेवलेली असते. विंडोज 11 बसवण्याची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. परवाना तेवढा आपला हवा.

मुलाला तसा एक पेन ड्राइव्ह करायला लावला. सौभाग्यवतींनी त्याला चिठ्ठी चिकटवली आणि लॅपटॉपच्या बिलासह गोदरेजच्या कपाटात रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला. त्याच कप्प्यात मामांची दोनशे पानी वही आहे. ती साठ पाने त्यांनी पुन्हा लिहिली, पण हाताने. कॉम्प्युटरवर मात्र ते पुन्हा बसले नाहीत.