कागद आमचा, कुलूप तुमचं!

दोस्तांनो, १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या! पुढं महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण ओंजळ पाण्याला लागायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला, आणि त्या एका ओंजळीपायी आपल्या माणसांची डोकी फुटली. ठराव आणि ओंजळ यांच्यामधलं अंतर ज्यांना कळतं, त्यांच्यासाठीच हा मजकूर आहे.

कारण विद्येच्या तळ्यावरही असाच एक ठराव झालाय. त्याचं नाव ओपन अॅक्सेस. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात विद्वान म्हणाले, संशोधनाचे निबंध इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता आले पाहिजेत. झकास! वीस वर्षं उलटून गेली. ओंजळ कुठाय?

आधी धंदा समजून घ्या. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं. सरकार म्हणजे काडेपेटीपासून चपलेपर्यंत टॅक्स भरणारा तुझामाझा बाप. त्या पगारावर प्राध्यापक संशोधन करतो, निबंध लिहितो आणि जर्नलवाल्या कंपनीला फुकट देतो. दुसरे दोन प्राध्यापक तो निबंध तपासतात, तेही बहुधा फुकट. मग कंपनी त्यावर कुलूप लावते आणि तोच माल त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयाला परत विकते. शेत आमचं, बी आमचं, घाम आमचा, आणि खळ्यावर सावकार उभा! एल्सेव्हिअर ही यातली बडी पेढी. तिच्या मालक कंपनीच्या २०२३ च्या हिशेबात या विज्ञान-वैद्यक धंद्याचा नफा शंभराला अडतीसच्या आसपास होता. सावकारानंसुद्धा तोंडात बोट घालावं!

मग आपलं सरकार काय करतं? सावकाराला एकरकमी देऊन टाकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, सहा हजारांवर सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोराला यातून काही वाचायला मिळेल, ते नाकारायचं कारण नाही. मिळेल तेवढं वाचून घ्या. पण हे भाड्याचं पाणी आहे. भाडं थकलं की नळ बंद. शिवाय फाटकावर ओळखपत्र मागतात. डिग्री झाली, बाहेर पडलास, वस्तीत काम करतोस, कोर्टात अॅट्रॉसिटीची केस लढवतोस, तर तू या योजनेच्या बाहेर. संस्थेचा शिक्का नाही ना तुझ्या कपाळावर!

'पण आता कितीतरी जर्नल्स वाचायला फुकट झालीत,' असं कुणी शहाणा सांगेल. झालीत ना! वाचायला फुकट, आणि छापून यायला पैसे. कंपन्यांनी दाराचं कुलूप काढलं आणि ते बोलणाऱ्याच्या तोंडाला लावलं. 'नेचर' या जर्नलनं २०२१ पासून मुक्त निबंधासाठी लेखकाकडून ९,५०० युरो मागायला सुरुवात केली. आज जेआरएफ मिळवणाऱ्या पोराच्या हातात महिन्याला ३७,००० रुपये पडतात. पोटाला चिमटा घेऊन जवळजवळ दोन वर्षांची अख्खी फेलोशिप साठवावी, तेव्हा एक निबंध! पैसेवाल्या विद्यापीठाचं पोरगं बोलणार, आपलं पोरगं वाचत बसणार. शतकापूर्वी बाबासाहेबांनी 'वाचकनायक' काढला नव्हता, 'मूकनायक' काढला होता. ३१ जानेवारी १९२०. कारण दुखणं वाचा नसल्याचं होतं. ज्यांना वाचा आहे त्यांनी आपल्यावर लिहावं आणि आपण ते फुकट वाचावं, याला आम्ही मुक्ती म्हणत नाही.

वरच्या मजल्यावर 'नेचर', आणि तळमजल्यावर भामटे. काही हजार टाका, आठवड्यात निबंध छापून घ्या, तपासणी-बिपासणी काही नाही. बढतीला निबंध लागतात, म्हणून ही दुकानं फोफावली. २०१८ साली यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली. मग केअर यादी आली, तीही २०२५ मध्ये गुंडाळली. या चाळणीत भरडला कोण गेला? ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणी पीएच.डी.ला बसलं, ज्याला कुठलं जर्नल खरं नि कुठलं खोटं हे सांगणारा काका-मामा नव्हता, तो.

तर मग वाट काय? वाट विद्यापीठाच्या ग्रंथालयातून जाते. जर्नल ग्रंथालयानंच चालवावं. वाचकाकडून पैसा नाही, लेखकाकडून पैसा नाही. हे दिवास्वप्न नव्हे. कॅनडात १९९८ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जॉन विलिन्स्की यांनी पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट सुरू केला. त्यातून ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर निघालं. निबंध येण्यापासून तपासणी, संपादन आणि अंक निघेपर्यंत सगळा कारभार त्यावर चालतो. ते फुकट आहे, त्याचं कोड उघडं आहे, आणि जगभरची हजारो जर्नल्स त्यावर चालतात. सायमन फ्रेझर विद्यापीठाचं ग्रंथालय २००५ पासून या कामात आहे. ब्राझीलमध्ये १९९८ पासून सायलो उभं आहे. मेक्सिकोत एका सरकारी विद्यापीठातून रेडालिक चालतं. ती माणसं स्पॅनिशमध्ये आणि पोर्तुगीजमध्ये लिहितात, इंग्रजीची हमाली करत बसत नाहीत. २०२१ च्या एका पाहणीत अशी दोन्हीकडून फुकट जर्नल्स जगात १७,००० ते २९,००० असावीत असा अंदाज निघाला. म्हणजे ही वाट मळलेली आहे. आपणच त्यावर पाय ठेवलेला नाही.

आता एक चपराक खा. जातीवर एक आंतरराष्ट्रीय जर्नल २०२० पासून निघतं, नावच 'कास्ट'. वाचायला मुक्त. त्याचं बिऱ्हाड कुठंय? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी, ब्रँडाइस विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सर्व्हरवर! त्यांचं अभिनंदनच केलं पाहिजे. पण जात इथली, मार खाणारी पाठ इथली, आणि तिच्यावरच्या निबंधांना छप्पर सातासमुद्रापार! ज्या विद्यापीठाच्या नावासाठी मराठवाड्यात १९७८ पासून सोळा वर्षं घरं जळाली, माणसं मेली, त्या विद्यापीठाला १९९४ मध्ये बाबासाहेबांचं नाव मिळालं. पाटी मिळाली. आता पाटीच्या आतल्या ग्रंथालयाला विचारायची वेळ आहे: बाबांनो, तुम्ही छापता काय?

लगेच कुणी चष्मा पुसत म्हणेल, 'दर्जाचं काय?' साहेब, दर्जा कुलपात नसतो. तो संपादकाच्या डोक्यात आणि तपासणाऱ्याच्या प्रामाणिकपणात असतो, आणि ती दोन्ही माणसं तुमच्याच विद्यापीठाच्या पगारावर आहेत. कंपनीला फुकट तपासून देता, तेच स्वतःच्या ग्रंथालयासाठी करा.

पण दोस्तांनो, इथं आपणही डोळ्यांत तेल घालून बसलं पाहिजे. सर्व्हर फुकट झाला म्हणून जात मरत नाही. उद्या ग्रंथालयानं जर्नल काढलं आणि संपादक मंडळावर तीच आडनावं ओळीनं बसली, तर ते नव्या वाड्याचं जुनंच फाटक ठरेल. लेखकाचं नाव झाकून निबंध तपासता येतो, संपादकाची जात झाकता येत नाही. म्हणून नुसतं 'जर्नल काढा' म्हणून आपलं भागणार नाही. मागण्या नीट लिहून घ्या.

एक: जनतेच्या पैशावर झालेलं संशोधन ग्रंथालयातून कुणालाही फुकट वाचता आलं पाहिजे, ओळखपत्राशिवाय. शोधगंगेवर प्रबंध ठेवता येतात, तर निबंधांना काय धाड भरलीय?

दोन: लेखकाकडून एक छदामही घ्यायचा नाही.

तीन: संपादक आणि तपासनीस मंडळावर दलित, आदिवासी, भटके आणि स्त्रिया असल्याच पाहिजेत, आणि मंडळाची नावं जाहीर असली पाहिजेत.

चार: मराठीत जर्नल निघालं पाहिजे, तेही युनिकोडमध्ये. फाँट बदलला की मजकुराचं भजं होतं, असलं काही नको.

पाच: हे काम ग्रंथपालाच्या गळ्यात धोंड म्हणून बांधायचं नाही. त्यासाठी पदं भरा, पगार द्या. कंत्राटी पोराच्या रात्रपाळीवर मुक्तज्ञानाचे झेंडे नकोत.

सहा: अंक एकाच मशीनवर ठेवायचा नाही. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयानं तर लॉक्स नावाची पद्धतच काढली: प्रती अनेक ठिकाणी ठेवा, एक जळाली तरी बाकीच्या उरतात. आपल्या चळवळीची किती नियतकालिकं रद्दीत गेली, वाळवीनं खाल्ली! लेखक-संपादकांची परवानगी घेऊन तीही ग्रंथालयानं जपावीत.

खर्च? ६,००० कोटींचा शिंतोडा जरी या कामावर उडाला तरी कितीतरी जर्नल्स उभी राहतील. सॉफ्टवेअर फुकट आहे, आयएसएसएन नंबरसुद्धा दिल्लीहून फुकट मिळतो. लागतो तो एक सर्व्हर, चार पगारी माणसं आणि दानत. पहिल्या दोन गोष्टी मिळतील. दानत कुणी आपण होऊन देत नाही.

म्हणून निवेदन लिहा. दहा-दहा जण मिळून ग्रंथपालाला भेटा. तोही बहुतेक वेळा आपल्यासारखाच पिचलेला असतो, त्याला बरोबर घ्या. मग विद्या परिषदेच्या दारात जा. पहिल्या खेपेला हसतील, दुसऱ्या खेपेला समिती नेमतील. तिसऱ्या खेपेला समितीचा अहवाल मागा आणि तो फुकट वाचायला मागा! ठराव तर २००२ लाच झालाय. राहिलीय ती ओंजळ.

जय भीम!