सकाळची गाडी आणि सकाळची गोळी

'मला बीपी आहे' असे सांगणारा माणूस बदलापूरच्या फलाटावर रोज एक तरी भेटतोच. (बीपी सर्वांनाच असतो, यांचा वाढलेला असतो. पण ते असो.) आमच्या डब्यातल्या भजनी मंडळातले एक काका मध्यंतरी दोन महिने दिसले नाहीत. चौकशीला घरी गेलो, तर अर्धांगाचा झटका आलेला. "गोळ्या चालू होत्या ना?" मी विचारले. वहिनी म्हणाल्या, "होत्या की. पण रविवारच्या रविवार."

उलगडा झाला तो असा. काकांच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते. सकाळी घेतली की थोड्याच वेळात जावेच लागे. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, गाडीत दीड तास, अंबरनाथ-उल्हासनगरला पाय ठेवायला जागा उरत नाही आणि लोकलला संडास-मुतारी नसते. तेव्हा कामाच्या दिवशी गोळी बंद, हा तोडगा काकांनी आपल्या मनानेच काढला. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. डॉक्टरांनीही विचारले नाही. रक्तदाब उतरेना म्हणून डोस मात्र वाढवला.

काकांना हसण्याचा अधिकार मला नाही. अ‍ॅम्लोडिपिनने माझे घोटे सुजू लागले, तेव्हा मीही तीन आठवडे गोळी सोडली होती. काहीही झाले नाही, आणि खरी फसगत इथेच आहे. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. गोळी मात्र त्रास देते. मग माणूस गोळीलाच आजार समजू लागतो. श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच म्हटले होते. तेव्हा हा केवळ आपल्या लोकांचा आळशीपणा नव्हे.

अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळी बदलली की गोळीची वेळ बदलते. कंत्राटी कामगाराला सरकारी दवाखान्याची रांग म्हणजे एक खाडा. उल्हासनगरच्या औषध दुकानात महिनाअखेरीला "अर्धीच स्ट्रिप द्या" हे शब्द मी स्वतः ऐकले आहेत.

यावर उपाय महाराष्ट्रातच करून पाहिलेला आहे. २०१७ साली भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्याकडे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे पहिले जिल्हे. मोजकी, स्वस्त औषधे, एका वेळी महिन्याच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो येत नाही त्याचा पाठपुरावा. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक ठिकाणी गोळ्या घरपोच दिल्या गेल्या. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या कामाचा गौरव केला.

पण खेड्यात नर्सबाईंना घर ठाऊक असते. आमच्याकडे पहाटे कुलूप लागते ते रात्री उघडते, आणि बहुतेकांचा डॉक्टर खासगी. आलाच नाही तर विचारणार कोण? मला वाटते, नाक्यावरचा औषधवाला. जुन्या चिठ्ठीवर महिन्याला किती गोळ्या गेल्या, हे त्याच्याइतके कुणालाच कळत नाही. त्याने एक वही ठेवली आणि "काका, या महिन्यात आला नाहीत?" एवढे विचारले, तरी पुष्कळ होईल.

गोळी सकाळीच घ्यावी असेही नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही (२०२२). लघवीची गोळी रात्री घेतली तर झोप मोडते खरी, पण तिच्याऐवजी दुसरी देता येते. फक्त अडचण डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. आपल्या मनाने बंद मात्र करू नये; अटेनोलॉलसारखी काही औषधे एकदम सोडणे हृदयाला घातक ठरू शकते.

काकांची गोळी आता बदलली आहे. रात्री जेवण झाले की वहिनी हातावर ठेवतात. ते पुन्हा गाडीला येऊ लागले आहेत, खिडकीशी बसतात, अभंग म्हणतात. डाव्या हाताने टाळ अजून धरवत नाही.