बोलणं बंद पडलेल्या माणसाला आजच दवाखान्यात न्या

नळदुर्गकरांनो, आणि अणदूर, जळकोट, तुळजापूरकडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मंडळींनो, ही विनंती एका अशा आजाराबद्दल आहे जो आपल्याकडे बहुतेक वेळा दुसऱ्याच नावाने ओळखला जातो. घरातलं धडधाकट माणूस एकाएकी बोलेनासं होतं. तासन्‌तास एकाच जागी, एकटक बघत बसतं. घास तोंडात तसाच राहतो. हात वर करून सोडला तर वरच राहतो. काही जण आपलंच वाक्य परत आपल्याला ऐकवतात, काही जण कारण नसताना येरझाऱ्या घालतात. मग कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, कुणी करणी म्हणतं, कुणी भानामती. घरातल्याच कुणाला वाटतं, सोंग करतोय.

ही लक्षणं कॅटाटोनियाची असू शकतात. हे सोंग नाही आणि बाहेरचंही नाही. वेळेत दवाखाना गाठला तर यातून बहुतेक माणसं चांगली सुधारतात. वेळ दवडली तर जिवावर बेततं.

ताप टायफॉइडने येतो, तसा मलेरियानेही येतो. कॅटाटोनियाचंही तसंच आहे, त्याच्या मागे वेगवेगळे आजार असतात. १८७४ साली कार्ल कालबाउम या जर्मन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पुढे कित्येक दशकं तो फक्त स्किझोफ्रेनियाचा प्रकार मानला गेला. आता ते चित्र बदललं आहे. तीव्र नैराश्य आणि बायपोलर आजारात तो बराच दिसतो, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारातही दिसतो. शिवाय कारण शरीरातही असू शकतं : मेंदूला आलेली सूज, वरून न दिसणारी फीट, रक्तातलं सोडियम घसरणं, ल्युपससारखा आजार. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटते असा एक आजार २००७ मध्ये नीट ओळखला गेला. तो तरुण मुलींमध्ये जास्त आढळतो आणि कधी कधी त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. अशा मुलीला महिनोन्‌महिने उतारे करत ठेवलं, तर गाठ तशीच राहते आणि मेंदू सुजत जातो.

म्हणून दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन, दोघांनीही तपासावं असा आग्रह धरा. रक्त-लघवीच्या तपासण्या होतील, गरज पडली तर मेंदूचा आलेख, एमआरआय किंवा पाठीतल्या पाण्याची तपासणी सांगतील. घाबरू नका, कारण शोधल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

उपचारातली एक गोष्ट नातेवाइकांना कोड्यात टाकते. माणूस आधीच निपचित, आणि डॉक्टर लोराझेपाम देतात, म्हणजे एरवी झोप आणणारं औषध. पण या आजारात तेच औषध पुष्कळांना मोकळं करतं, काही जण तर इंजेक्शननंतर थोड्याच वेळात बोलू लागतात. त्याने भागलं नाही तर विजेचा उपचार आहे. शॉक हा शब्द ऐकून उठून जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय हा उपचार करायला बंदी आहे.

घरी थांबण्यात धोका काय? अन्नपाणी बंद झालं की मूत्रपिंडं खचतात. हालचाल नसली की पायात रक्ताच्या गाठी होतात, त्या फुप्फुसात जाऊ शकतात. आडव्या माणसाच्या तोंडात बळेच पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. अंग ताठ आणि सोबत ताप असेल, तर रात्र असली तरी निघा. मानसिक आजाराच्या काही औषधांनीही अशी अवस्था येते, म्हणून मेडिकलमधून मनाने गोळी आणून देऊ नका.

१०८ ला फोन करा. नळदुर्गहून सोलापूरचं सरकारी रुग्णालय महामार्गाने तासाभरावर आहे, धाराशिवला जिल्हा रुग्णालय आहे. निघताना चालू आणि बंद केलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. कधी सुरू झालं, ताप, फीट, डोक्याला मार, बाळंतपण, दारू किंवा झोपेची गोळी अचानक सोडणं, पूर्वी असं झालं होतं का, हे कागदावर लिहा. मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, तो फक्त डॉक्टरांना दाखवा. काय करावं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

माणूस बोलत नसला तरी अनेकदा त्याला ऐकू येत असतं, समजतही असतं. त्याच्यासमोर वाईट बोलू नका. मारणं, धुरी देणं, साखळीने बांधणं तर नकोच. साखळदंडाला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खंडोबावर, तुळजाभवानीवर श्रद्धा असू द्या. नवस माणूस बरा झाल्यावरही फेडता येतो. बरं वाटल्यावर गोळ्या मनाने थांबवू नका, आजार परतू शकतो.

घाबरलेलं घर आधी शेजाऱ्याला विचारतं, आशाताईला, जीपवाल्याला, कधी देवळातल्या पुजाऱ्यालाही. तुमच्याकडे कुणी असं विचारायला आलं, तर एवढंच सांगा : आधी दवाखाना, बाकीचं मागून. आणि जमलं तर गाडीत सोबत बसा.