लेखकाचे बिल कोण चुकविणार?

नवोदित कथाकारांच्या शिबिरांत वक्ता म्हणून जाण्याचा योग निवृत्तीनंतर मला अनेकदा आला. कथानक, पात्रे, निवेदन, बोली यांवर तेथे तासन्‌तास चर्चा होते. लेखकाच्या हाती पैसे किती पडतात, हा विषय मात्र काढणेच अशिष्ट मानले जाते. श्रमाच्या मोबदल्याविषयी एरवी जागरूक असणारे आपण साथीही या मौनात सामील असतो, हे अधिक खेदजनक आहे.

कथालेखनाचे तंत्र पुनर्लेखनातून हाती येते. एकच प्रसंग चार वेळा लिहावा, तीन खर्डे टाकून द्यावेत, तेव्हा कोठे संवादातला खोटेपणा कानाला खटकू लागतो. त्यासाठी वेळ लागतो आणि त्या वेळेची किंमत कोणीतरी मोजीतच असते. माझ्या बाबतीत ती महाविद्यालयाच्या पगाराने मोजली. माझी पहिली कथा एका दिवाळी अंकाने छापली आणि मानधन म्हणून अंकाची एक प्रत पाठविली. मला आनंदच झाला, कारण माझी चूल त्यावर पेटायची नव्हती.

अण्णा भाऊ साठे यांचे नाव आपण सभांतून घेतो, परंतु त्यातले अर्थशास्त्र गाळून. वाटेगावाहून मुंबईस आलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या कामगाराने तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ च्या ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६९ साली लेखक दारिद्र्यातच गेला. २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले! दारिद्र्याने प्रतिभा फुलते, असे सांगणारे पोटभर जेवून सांगत असतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीनिशीच व्हावे लागते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर तर, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. निवेदनाच्या तंत्राइतकेच हेही शिबिरात शिकविले पाहिजे.

आपली पत्रे गरीब आहेत, असे उत्तर येईल. ते मान्य. तरीही कागदवाला, छापखाना, बाइंडर यांची बिले आपण चुकवितोच. छापखान्याचे बिल थकले तर अंक अडतो. लेखकाचे थकले तर काहीच अडत नाही, म्हणून ते थकते. सौदाशक्तीचा हा साधा नियम आहे, आणि त्याच्याविरुद्धच तर आपण कामगार संघटना बांधल्या. परिणामी आपल्या पानांवर कामगारांच्या कथा प्राध्यापक लिहितात. (त्यांत माझ्याही आहेत.)

माझी मागणी लहान आहे. येत्या दिवाळी अंकापासून मानधनाचा दर अनुक्रमणिकेखाली छापावा, मग तो पानाला शंभर रुपये का असेना. पैसे पुरत नसतील तर पाने कमी करावीत, आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांची आधी.