वादळ येण्याआधी निवारा पाहून ठेवा!

चक्रीवादळ जात पाहून येत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. हे वाक्य खरे आहे, पण अर्धेच. वादळाला जात नसते. परंतु ज्या गावावर ते आदळते त्या गावाला जात असते. कुणाचे घर चिरेबंदी आणि कुणाचे पत्र्याचे, कुणाची वाडी रस्त्यालगत आणि कुणाची ओढ्यापलीकडे, हे वादळाने ठरवलेले नाही. ते गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, माणगावपासून दापोली, मंडणगडपर्यंत घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. परमपूज्य बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे, तो तालुकाही यातून सुटला नाही. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' किनाऱ्यालगतून गेले आणि जुलैमध्ये महाड शहरात पुराचे पाणी शिरले. कोकणातील बौद्धवाड्यांना आता दर पावसाळ्यापूर्वी एक प्रश्न सोडवावाच लागेल : घर सोडण्याची वेळ आली तर जायचे कुठे, आणि तिथे आपल्याला कसे वागवले जाईल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या नागपट्टिनममध्ये काय घडले ते आठवा. मदत छावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्याच्या टाक्यांपासून दूर केले गेले, अशा तक्रारी त्या वेळी वृत्तपत्रांनी आणि मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. समुद्राने सर्वांना एका फटक्यात बेघर केले, तरी जात मात्र वाहून गेली नाही! महाराष्ट्रात असे उघडपणे होणार नाही, असे कुणी म्हणेल. न झाले तर आनंदच आहे. परंतु निरोप सर्वांत शेवटी पोहोचणे, शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळणे, पंगतीत 'तुम्ही नंतर बसा' असे ऐकणे, यासाठी उघडपणाची गरज नसते.

कायदा आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ सांगते की, आपद्ग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समाज, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. कलम १२ मध्ये निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांच्या किमान मानकांचा विषय आहे. मात्र कलम ६१ मध्ये भेदभावासाठी स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही, हे कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. म्हणून त्याच्या जोडीला नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ आणि अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ वापरावे लागतात. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वजनिक जागेत प्रवेश नाकारणे हा अस्पृश्यतेचा गुन्हा आहे. या कायद्याखालील कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात कलम ४ आहे.

यावर आपलेच काही बांधव म्हणतात, "कशाला त्या शाळेत जायचे? आपले विहार आहे की!" विहार पक्के असेल, उंचावर असेल, तर ते जरूर उघडावे. तहसीलदाराला अर्ज देऊन निवाऱ्याच्या यादीत नोंदवावे आणि संकटात सापडलेल्या प्रत्येकासाठी, कोणत्याही जातीधर्माच्या माणसासाठी त्याचे दार मोकळे ठेवावे. तोच धम्म आहे. पण 'शाळा त्यांची, विहार आपले' या समजुतीने विहारात जाणे म्हणजे स्वतःच्या पायाने पुन्हा गावकुसाबाहेर जाणे होय. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. तो प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. जो हक्क वापरला जात नाही, तो कागदावरच राहतो. गावच्या निवारा केंद्राचेही तसेच आहे.

म्हणून तयारी आजपासून करा. ग्रामसभेत गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मागा. निवाऱ्याची इमारत कोणती, छप्पर पक्के आहे का, शौचालयाला पाणी आहे का, स्त्रियांसाठी आडोसा आहे का, हे वाडीतील चार माणसांनी, त्यांत दोन भगिनींनी, स्वतः जाऊन पाहावे. म्हातारी, आजारी, अपंग आणि गरोदर माणसे यांची यादी करून त्यांना कोण नेणार ते ठरवावे. हवामान खात्याचा एक इशारा साधारण ४८ तास आधी आणि पुढचा २४ तास आधी मिळतो. मग वाडीला निरोप ऐन वाऱ्यात का यावा, हा जाब ग्रामपंचायतीला आताच विचारा.

प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी तयार असावी : रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, घरपट्टीची पावती, मुलांचे शाळेचे दाखले. सोबत औषधे, बॅटरी, कोरडा खाऊ, पिण्याचे पाणी, एक चादर. घराचे फोटो आधीच काढून ठेवा. वकिली करताना मी पाहिले आहे की, छप्पर उडाल्यावर पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा घर आपलेच आहे हे सांगायला कागद नसतो, आणि भरपाई तिथेच अडते. निघताना गुरांचे दावे सोडा. वारा अचानक थांबला म्हणून घराकडे धावू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि वारा उलट दिशेने पुन्हा येतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

आणि निवाऱ्यात गेल्यावर दारात घुटमळू नका. आत जा, सर्वांबरोबर बसा, सर्वांबरोबर जेवा, जमेल तेवढे काम करा. कुणी अडवले तर हमरीतुमरीवर येऊ नका. वेळ, नाव आणि साक्षीदार लिहून ठेवा आणि वादळ ओसरताच लेखी तक्रार द्या. छप्पर सरकारचे आहे, म्हणजेच आपलेही आहे. ते कुणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही. संविधानाने दिलेले आहे.

जयभीम!