तारा मुराव्या लागतात

नवी वस्तू घरी आली की तिची नवलाई टिकावी, असे आपणांस वाटते. बेस गिटारवर ‘फ्लॅटवाउंड’ तारा चढवणारा मनुष्य मात्र पहिल्या दिवसापासून ती नवलाई ओसरण्याची वाट पाहू लागतो. चाळिशी उलटल्यावर आम्ही हे वाद्य हाती घेतले आणि सध्या ही प्रतीक्षा अनुभवीत आहोत. म्हणून हे चार शब्द.

नेहमीच्या ‘राउंडवाउंड’ तारेत गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली असते. बोट सरकले की ती खरखरते. फ्लॅटवाउंडचा बाहेरचा थर चपट्या पट्टीचा असतो. स्पर्श गुळगुळीत, आवाज भरीव आणि आटोपशीर. १९६०च्या दशकातील डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रिकांत ऐकू येतो, तो हाच. आम्हांस तोच हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी निघाला तो धातूचा टणत्कार!

याचे कारण साधे आहे. कोऱ्या तारेत वरचे उपस्वर मोकळेपणाने वाजतात. बोटांचा घाम, तेलकटपणा आणि धूळ वेढ्यांच्या फटींत बसत जाते, तसतसे ते दबतात. याला रोज वाजवूनही कित्येक आठवडे लागतात. आपल्या तंबोऱ्यात जवारी लावून, सुताचा दोरा सरकवून उपस्वर फुलवले जातात. येथे ते मिटवायचे असतात, कारण बेसला गायकासाठी जागा सोडायची असते.

साहजिकच पळवाटाही निघाल्या आहेत. कोणी तारांना तेल चोळतो, कोणी मुद्दाम माखलेल्या हातांनी वाजवतो. आमचा या उपायांना विरोध आहे, आणि तो केवळ स्वच्छतेच्या आग्रहापोटी नाही. कोरी तार चुगलखोर असते. डावा हात उशिरा उचलला, उजव्या हाताचा आघात कमीजास्त झाला, शेजारची तार नको तेव्हा गुणगुणली, तर ती सारे उघड करते. या आठवड्यांत वादकाला न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवण्याची सवय लागते. तार मुरते तेव्हा हातही मुरतो. तेल चोळून पहिली गोष्ट कदाचित साधेल. दुसरी साधणार नाही.

जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) हे मोटाउनचे बेसवादक. तार तुटल्याखेरीज ते ती बदलत नसत, ही गोष्ट या वर्तुळात पुराणकथेसारखी सांगितली जाते. पण ते आधी डबल बेस वाजवीत आणि उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने तारा छेडीत, हे तितक्या आवर्जून सांगितले जात नाही. शेकडो गाण्यांना आधार देणाऱ्या या वादकांची नावे वर्षानुवर्षे वेष्टणावर छापली जात नव्हती. मार्विन गे यांच्या १९७१च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ती आली. ज्या हाताचे नाव कोठे लिहिलेले नाही, त्याचे श्रेय तारेवरच्या मळाला देणे सोपे जाते. आमची खरी तक्रार आहे ती ही.

जुनेपण हाच गुण, असेही आमचे म्हणणे नाही. झिजलेली तार वरच्या पडद्यांवर बेसूर होऊ लागली, तर ती निमूटपणे बदलावी. मुरणे आणि नासणे यांतला फरक लोणचे घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आज आमच्या तारांचा सातवा आठवडा. जाड तारेचा टणत्कार बराच निवळला आहे. सर्वांत बारीक तार अजून चुगल्या करते. त्या बहुतेक खऱ्या असतात.